त्रुहियोत स्वस्तात राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूला निघालेली आपली माणसं बहुतेक लिमाहून थेट कुस्को आणि माचू पिच्चूकडे वळतात. उत्तरेला समुद्राकाठच्या त्रुहियोची वाट धरणारे थोडे. पण जे धरतात, ते निघण्याआधी तेच ते प्रश्न पाठवतात, आणि त्यातले निम्मे हॉटेलाबद्दलचे असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगतो: या शहरात कमी पैशांत फार चांगलं राहता येतं, फक्त हॉटेलाच्या नावावर जाऊ नका, खोली बघून पैसे द्या.

१. त्रुहियो नक्की कुठे आहे, आणि किती रात्री ठेवाव्यात?

लिमाच्या उत्तरेला साधारण ५६० किलोमीटरवर, प्रशांत महासागराच्या काठी. लिमाहून रात्रीची बस नऊ-दहा तासांत पोहोचवते, विमानाला सव्वा तास लागतो. शहर वसवलं १५३४ मध्ये दिएगो दे आल्माग्रो या स्पॅनिश सरदाराने, आणि नाव दिलं पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिसारोच्या स्पेनमधल्या जन्मगावाचं. पेरूचं स्वातंत्र्य लिमात २८ जुलै १८२१ रोजी जाहीर झालं. त्रुहियोने ते सात महिने आधीच, २९ डिसेंबर १८२० रोजी जाहीर केलं होतं. इथली माणसं ही तारीख अभिमानाने सांगतात.

तीन रात्री ठेवा. एक दिवस जुन्या शहराला, एक चान चान ही जुनी मातीची राजधानी आणि वांचाको या समुद्रकाठच्या गावाला, एक मोचे या प्राचीन लोकांच्या वाकांना, म्हणजे विटांच्या मंदिरांना. एक रात्र थांबून पुढे पळणाऱ्यांना यातलं धड काहीच दिसत नाही. चौथा दिवस असेल तर उत्तरेला साठेक किलोमीटरवरच्या एल ब्रुखोला जा. ‘सेन्योरा दे काओ’ या मोचे राज्यकर्तीची गोंदण असलेली ममी तिथल्या संग्रहालयात आहे.

२. जुन्या शहरात राहावं की वांचाकोला, समुद्रावर?

पहिल्यांदा येत असाल तर जुन्या शहरात. नकाशात आवेनिदा एस्पान्या नावाचा लंबगोल रस्ता शोधा. चाच्यांच्या भीतीने १६८० च्या दशकात शहराभोवती तट बांधला होता. तट बहुतेक गेला, पण त्याच्या जागेवरून हा रस्ता फिरतो. याच्या आत सगळं पायी होतं. प्लाझा दे आर्मास हा मुख्य चौक, सतराव्या शतकातलं पिवळं कॅथेड्रल, वाहनांना बंद असलेला हिरोन पिसारो हा रस्ता, त्याच्या पूर्व टोकाची एल रेक्रेओ ही छोटी बाग. निळ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती आणि त्यांवरच्या पांढऱ्या लोखंडी जाळ्यांच्या उंच खिडक्या ही या शहराची ओळख. त्या बघायला सकाळी सातला बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणून मुक्काम आतच हवा.

वांचाको बाराएक किलोमीटरवर आहे. कोळी लोक तिथे आजही लव्हाळ्याच्या जुड्या बांधून केलेल्या होड्यांवर स्वार होऊन मासेमारीला जातात. त्या होड्यांना ‘काबायितो दे तोतोरा’ म्हणतात. लाटांवर स्वार होणाऱ्या तरुण मंडळींसाठी तिथे स्वस्त राहण्याच्या जागा भरपूर. माझा सल्ला: पहिल्या दोन रात्री शहरात, शेवटची वांचाकोत. विमानतळही त्याच बाजूला आहे, तेव्हा परतीचं विमान असेल तर आणखी सोयीचं.

३. पाट्यांवर ‘ओस्ताल’ लिहिलेलं दिसतं. तिथे दहा जणांच्या खोलीत झोपावं लागतं का?

नाही. पेरूत ओस्ताल म्हणजे छोटं, साधं हॉटेल. खोली तुमची स्वतःची, बहुतेक ठिकाणी न्हाणीघरही आतच. एका खोलीत अनेक पलंग असलेल्या जागा वेगळ्या असतात आणि त्या जास्त करून वांचाकोला सापडतात.

जुन्या शहरात दोघांच्या साध्या खोलीला साधारण साठ ते शंभर सोल धरा. एक सोल म्हणजे साधारण पंचवीस रुपये. खोली मागताना नीट सांगा: ‘मात्रिमोनियाल’ म्हणजे एक मोठा पलंग, ‘दोब्ले’ म्हणजे दोन वेगळे पलंग. दोघी मैत्रिणी किंवा बाप-लेक असाल तर दुसरी मागा. आणखी एक: काही अगदी स्वस्त ओस्तालं तासांवरही खोल्या देतात. दरफलकावर तासांचे दर दिसले तर कुटुंबाने पुढच्या हॉटेलाचं दार ठोठावावं.

४. खोली ताब्यात घेण्याआधी काय काय बघायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि इथे संकोच करायचं कारण नाही. ‘पुएदो बेर ला आबितासियोन?’ म्हणजे ‘खोली बघू शकतो का?’ एवढं म्हटलं की किल्ली घेऊन कोणीतरी पुढे चालू लागतं.

पहिली गोष्ट खिडकी. जुने वाडे रस्त्याला अरुंद आणि आत खोल असतात, त्यामुळे मधल्या स्वस्त खोल्यांना खिडकीच नसते, किंवा असते ती बोळात उघडते. उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्च, अशा खोलीत जीव घुसमटतो. एसी या किमतीत नसतो. पंखा मागून घ्या. रस्त्याकडेची खोली उजेडाची असते, पण खाली टॅक्सीवाले सतत हॉर्न वाजवत जातात. आतल्या चौकाकडे, म्हणजे ‘पातियो’कडे, उघडणारी वरच्या मजल्यावरची खोली मिळाली तर डोळे मिटून घ्या. उजेडही मिळतो आणि झोपही.

मग गादीवर बसून पाहा, नळ सोडा, दाराची कडी आतून लागते का ते बघा. फोनवर वाय-फाय तपासा ते खोलीत उभं राहून, रिसेप्शनवर नव्हे. जुन्या मातीच्या भिंती इतक्या जाड असतात की पलीकडचा सिग्नल अलीकडे येत नाही. जून ते सप्टेंबर हवा दमट आणि ढगाळ असते, तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीचा वास घ्या. ओल लागलेली असेल तर दुसरी मागा. पहिली दाखवतात ती बहुधा त्यांना आधी भरायची असलेली खोली असते. दुसरी मागितली म्हणून कोणी रागावत नाही.

५. गरम पाणी खरंच मिळतं का?

मिळतं, पण चोवीस तास मिळेलच असं नाही. काही ठिकाणी टाकीचा गीझर ठरावीक वेळीच चालू करतात, काही ठिकाणी शॉवरच्या तोंडालाच विजेचा हीटर बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात नळ जितका कमी सोडाल तितकं पाणी गरम येतं. त्या हीटरची वायर उघडी दिसली तर खोली बदलून मागा. बादली-तांब्याची सोय नसते.

६. लिमाहून रात्रीची बस सकाळी सहाला पोहोचते. तेवढ्या लवकर खोली देतात का?

खोली बहुधा दुपारी बारा-एकनंतरच मिळते, पण सामान ठेवून घेतात. आधी निरोप धाडला आणि रात्री खोली रिकामी राहिली असेल तर लवकरही उघडून देतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर वावगं नाही. दार बंद असेल तर घाबरू नका. रात्री लोखंडी दरवाजा लावलेला असतो, बेल वाजवली की आतला माणूस उठून येतो. बस कंपन्यांचे थांबे वेगवेगळ्या जागी आहेत, तेव्हा तिकिटावरचा पत्ता बघा. उजाडेपर्यंत थांब्याच्या आतच बसा, रस्त्यावर सामान घेऊन उभं राहू नका (पाहा: प्रश्न १२).

७. परदेशी पाहुण्यांना कर माफ असतो म्हणतात. स्वस्त हॉटेलातही?

हो, नियम सगळ्यांना सारखा आहे. पेरूतल्या विक्रीकराला ‘इ-खे-वे’ म्हणतात, त्याचा सर्वसाधारण दर १८ टक्के. पेरूचा रहिवासी नसलेला, साठ दिवसांहून कमी राहणारा पाहुणा पासपोर्ट दाखवतो तेव्हा राहण्यावरचा हा कर लागत नाही. हॉटेल पासपोर्टची प्रत ठेवतं आणि देशात कधी शिरलात याची नोंद मागतं. हल्ली पासपोर्टवर शिक्का नसला तरी ती नोंद इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरून काढता येते, तेव्हा लिमात उतरल्यावरच फोनमध्ये जपून ठेवा.

अपवाद दोन. फार छोटी ओस्तालं सोप्या कर-योजनेत असतात, तिथे हा कर वेगळा निघतच नाही, म्हणून सवलतही नाही. आणि खोलीत पेरूचा रहिवासी असलेला मित्र किंवा नातेवाईक असेल तर त्याच्या वाट्यावर कर लागतो. आधीच विचारा: ‘सांगितलेला दर करासहित की कराशिवाय?’

८. नोंदणीच्या कागदावर दोन आडनावं मागतात. आपण काय लिहायचं?

स्पॅनिश पद्धतीत वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात, म्हणून दोन रकाने. पासपोर्टात आडनावाच्या जागी जे आहे तेच पहिल्या रकान्यात लिहा आणि दुसरा कोरा सोडा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या आडनावाच्या रकान्यात घालू नका. मग बिलावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही आणि करमाफीत अडचण येते (पाहा: प्रश्न ७).

९. लहान मुलं बरोबर आहेत. काही वेगळं लागतं का?

मुलांचे पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. मुलांचं शोषण रोखण्यासाठी हॉटेलांना अल्पवयीन पाहुण्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या मोठ्यांची कागदपत्रं पाहावी लागतात. आजी-आजोबा किंवा काका-मावशी मुलाला घेऊन येत असतील तर आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र स्पॅनिश भाषांतरासह आणा. ही चौकशी संशयाने होत नाही, मुलांच्या काळजीपोटी होते.

१०. कार्ड चालतं की रोख लागते?

रोख सोल लागतात. छोट्या हॉटेलात कार्ड घेतलं तरी वर काही टक्के लावतात. स्थानिक लोक फोनवरून ‘यापे’ने पैसे देतात, पण पाहुण्याने त्याच्या भरवशावर राहू नये. शंभर-दोनशेच्या नोटा एटीएममधून निघतात आणि टॅक्सीवाल्याकडे सुटे नसतात. म्हणून हॉटेलाचं भाडं मोठ्या नोटेने द्या आणि सुटे गाठीला ठेवा. डॉलर आणले असतील तर कोरे, न फाटलेले आणा. कोपरा जरा फाटलेली नोटही परत करतात.

११. आम्ही शाकाहारी आहोत. हॉटेलाच्या आसपास जेवायला काय मिळेल?

मिळेल, पण प्रत्येक वेळी सविस्तर सांगावं लागेल. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडी येऊ शकते, कारण बऱ्याच जणांच्या लेखी कार्ने म्हणजे गुरांचं मांस. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे तिन्ही नको, असं म्हणा. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय हेही विचारा.

सकाळचा नाश्ता सोपा: पाव आणि ‘पाल्ता’, म्हणजे अवोकादो, वर लिंबू. दुपारी छोट्या खानावळीत ‘मेनू’ मिळतो, म्हणजे सूप, मुख्य पदार्थ आणि पेय एका ठरलेल्या दरात. त्यात मसूर किंवा घेवड्याची उसळ आणि भात असतो. उसळीत मांसाचा तुकडा नाही ना, विचारून घ्या. सोमवारी दारोदार ‘शांबार’ नावाच्या सुपाची पाटी लागते. गहू आणि कडधान्यांचं हे त्रुहियोचं मानाचं सूप, पण त्यात डुकराचं मांस असतंच, तेव्हा शाकाहाऱ्यांनी दुरूनच बघावं. मांसाहारी असाल तर मात्र सोमवार चुकवू नका, आणि ‘काब्रितो’, म्हणजे कोवळ्या बोकडाचं मांस घेवड्याबरोबर, तेही खा.

संध्याकाळी ‘चिफा’, म्हणजे पेरूतली चिनी खानावळ, हाताशी असते. तिथे भाज्यांचे नूडल्स आणि अंडं घातलेला परतलेला भात मिळतो. अंडंही नको असेल तर ‘सिन उएबो’. उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा रस घातलेला ‘पापा आ ला वांकाइना’ सगळीकडे मिळतो, त्यावरचं अंडं काढायला सांगा. मध्यवर्ती बाजारात फळं घ्या. ‘चिरिमोया’ कापून बघा, आपल्या सीताफळाच्याच कुळातलं आहे. सीताफळ मुळात अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलं, तेव्हा ही भेट घरच्यासारखी वाटते.

कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर वापरू देणारी जागा शोधावी. ती वांचाकोत लवकर सापडते. जैन कुटुंबांना मी हेच सुचवतो.

१२. त्रुहियोत खंडणीच्या टोळ्या आहेत असं वाचलं. जावं की जाऊ नये?

वाचलंत ते खरं आहे. दुकानदार, बसमालक, बांधकामवाले यांच्याकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी हे शहर गेली काही वर्षं वेठीला धरलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयाबाहेर स्फोट झाला, आणि सरकारने इथे वारंवार आणीबाणी जाहीर केली आहे. ज्यांच्या हातचं आपण खातो, ज्यांच्या ओस्तालात झोपतो, त्यांच्यावर हे संकट आहे, हे येताना मनात असू द्या.

पाहुणा हे या टोळ्यांचं लक्ष्य नसतो. पाहुण्याला धोका असतो तो फोन हिसकावण्याचा आणि रस्त्यात थांबवलेल्या अनोळखी टॅक्सीचा. टॅक्सीला मीटर नसतो. हॉटेलातून बोलवून घ्या किंवा अॅपवरून मागवा, आणि भाडं बसण्याआधी ठरवा. रात्री नऊ-दहानंतर आवेनिदा एस्पान्यावर आणि बाजाराच्या आसपास पायी फिरू नका. हिरोन पिसारो आणि चौकात वर्दळ असेपर्यंत हरकत नाही. आणीबाणी लागू असेल तर पोलीस ओळखपत्र मागू शकतात. पासपोर्टची प्रत खिशात, मूळ प्रत हॉटेलात. पोलिसांचा क्रमांक १०५. निघण्याच्या आठवड्यात ताज्या बातम्या बघा आणि मग ठरवा. घरच्या मंडळींना धाकधूक होत असेल तर त्यांचं ऐकण्यातही काही चूक नाही.

१३. हॉटेलातून चान चान आणि वाकांना स्वस्तात कसं जायचं? सहल घ्यावी का?

चान चान शहरापासून पाचेक किलोमीटरवर, वांचाकोच्या रस्त्यालाच आहे. वांचाकोची ‘कोंबी’ म्हणजे छोटी बस दोन-तीन सोलांत फाट्यावर सोडते. फाट्यापासून आत किलोमीटरभर उघडी वाट आहे. तिथे एकट्याने चालू नका, फाट्यावरून टॅक्सी करा. तिकीट एकत्र असतं: निक आन हा राजवाडा, तिथलं संग्रहालय, शिवाय एस्मेराल्दा आणि आर्को इरिस ही दोन छोटी मंदिरं. तिकीट फेकू नका, दुसऱ्या दिवशीही कामी येतं.

चिमू लोकांची ही राजधानी साधारण वीस चौरस किलोमीटरवर पसरलेली, सगळी कच्च्या विटांची. १४७० च्या सुमारास इंकांनी चिमू राज्य जिंकलं. भिंतींवर मासे, पक्षी, लाटा आणि जाळ्याची नक्षी कोरली आहे. वाळवंटात राहून ही माणसं समुद्राकडे तोंड करून जगली, हे त्या भिंती बघताना उमजतं. १९८६ मध्ये युनेस्कोने हे जागतिक वारसा म्हणून नोंदवलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही घातलं, कारण पावसात माती विरघळते. भिंतींना हात लावू नका.

वाका दे ला लुना दक्षिणेला, सेरो ब्लांको डोंगराच्या पायथ्याशी. मोचे लोकांनी जुनं मंदिर विटांनी भरून त्यावर नवं, असं पिढ्यान्‌पिढ्या बांधलं, त्यामुळे आतले रंग टिकून राहिले. लाल, पिवळे, पांढरे, काळे, हजारेक वर्षांहून जुने. १९९१ पासून इथे सलग उत्खनन चालू आहे. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून शहरातून महागडी सहल घ्यायची गरज नाही. टॅक्सीने जा आणि तिथल्या गटात सामील व्हा. समोरचं वाका देल सोल लांबूनच बघायचं. स्पॅनिश लोकांनी सोन्यासाठी मोचे नदी वळवून त्याचा मोठा भाग वाहवून नेला, ती जखम दिसते.

पैसे वाचवायचे तर चान चानला वाचवा, वाका दे ला लुनाला नको. सोमवारी काही स्थळं बंद असतात, रिसेप्शनवर विचारून निघा.

१४. जानेवारीच्या शेवटी एकही खोली दिसत नाही. का?

तेव्हा मारिनेरा नृत्याची राष्ट्रीय स्पर्धा असते. देशभरातून जोड्या येतात. हातरुमाल उंचावत, बाई अनवाणी. दर चढतात आणि चौकाजवळच्या खोल्या आधी जातात. पाहायची असेल तर दोन-तीन महिने आधी बुकिंग करा. हीच गत २८-२९ जुलैच्या राष्ट्रीय सुटीत, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वसंतोत्सवात.

१५. इथे पाऊस पडतच नाही ना? मग पूर कसा आला?

एरवी जवळजवळ पडत नाही. समुद्रातल्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे हा किनारा वाळवंट आहे. म्हणूनच शहराला ना पावसाच्या पाण्याची गटारं, ना पावसाळी छपरं. एल निन्योच्या वर्षी समुद्र तापतो आणि सगळं उलटतं. मार्च २०१७ मध्ये सान इल्देफोन्सो ओढ्यातून चिखलाचे लोंढे पुन्हा पुन्हा जुन्या शहरात शिरले. मार्च २०२३ मध्येही अतिवृष्टी झाली. अशा वर्षी फेब्रुवारी-मार्च टाळा. जावंच लागलं तर तळमजला घेऊ नका आणि हॉटेलाला पाण्याची टाकी आहे का विचारा, कारण पुरानंतर नळ बंद होतात. डास वाढतात, २०२३ आणि २०२४ मध्ये उत्तर किनाऱ्यावर डेंग्यूची मोठी साथ होती.

१६. भिंतीवर ‘एस’ अक्षराची हिरवी पाटी कसली?

भूकंपात उभं राहायची सुरक्षित जागा. १६१९ च्या भूकंपाने त्रुहियो जमीनदोस्त झालं होतं, १९७० च्या भूकंपानेही मोठी पडझड केली. खोलीत शिरल्यावर जवळची पाटी आणि बाहेरची वाट एकदा बघून ठेवा.

१७. नळाचं पाणी, चार्जर, कपडे धुणं?

नळाचं पाणी पिऊ नका. न्हाणीघरात कागद टोपलीत टाकायचा, कमोडमध्ये नाही, नाहीतर तुंबतं. वीज आपल्यासारखीच २२० व्होल्ट. दोन बारीक गोल पिनांचा भारतीय चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांचा बसत नाही. कपडे किलोवर धुऊन मिळतात.

१८. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. पण २०१७ पासून सवलत आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा, किंवा तिथला कायमचा रहिवास असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. बे एरियातून किंवा न्यू जर्सीतून येणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींचं काम त्यावर होतं. बाकीच्यांनी दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासात अर्ज करावा. नियम बदलतात, तिकिटाआधी दूतावासाकडून खात्री करा.

१९. त्रुहियोला पीतज्वर नाही, मग लस कशाला?

परतीसाठी. पीतज्वराचा धोका पेरूच्या जंगलभागात आहे, किनाऱ्यावर नाही. पण भारताच्या यादीत पेरू हा अख्खा देश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर मुंबई विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. लस अधिकृत केंद्रावरच घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेवा.

२०. दुपारी बाराला खोली सोडायची आणि बस रात्री दहाला. दिवस कुठे काढायचा?

सामान रिसेप्शनवर ठेवा, पावती किंवा बिल्ला मागा, लॅपटॉप मात्र बरोबर घ्या. मग चौकातल्या कासा उर्कियागात जा. हा निळा वाडा मध्यवर्ती बँकेच्या ताब्यात आहे, आत जायला पैसे पडत नाहीत आणि दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार याचं लिहिण्याचं मेज तिथे आहे; १८२४ मध्ये त्याने काही काळ त्रुहियोलाच राजधानी केलं होतं. ओळखपत्र मागतात. शनिवार-रविवारी बंद असण्याची शक्यता धरा. निघण्याआधी हात-पाय धुवायला न्हाणीघर वापरू द्याल का, असं विचारलं तर बहुतेक मालक हो म्हणतात. ते खोली सोडतानाच विचारून ठेवा, कारण संध्याकाळी पाळी बदलते.